जट कापली आणि काही झालं, तर?

पत्र

ताईंना नमस्कार. आम्ही गडहिंग्लज तालुक्यात राहतो. माझी मुलगी बारा वर्षांची, सातवीत आहे. गेल्या श्रावणात तिला टायफॉइड झाला आणि ती बरेच दिवस अंथरुणावर होती. तेवढ्या दिवसांत डोकं धुतलं नाही, वेणीही घातली नाही. उठली तेव्हा मानेपाशी केसांचा गुंता झाला होता. मी फणी घेऊन बसले तर सासूबाईंनी हात धरला. ‘यल्लम्माआईची जट आहे, हात लावू नको’ म्हणाल्या. त्याच आठवड्यात हळदकुंकू वाहून पाच सवाष्णी जेवू घातल्या. आता मागच्या बाजूला तीन जटा झाल्या आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांच्यावर भंडारा टाकतात. डोकं धुवायला बंदी आहे. पोरीला खाज सुटते, रात्री झोप लागत नाही, डोक्याला वास येतो. शाळेत तिच्याजवळ कुणी बसत नाही, म्हणून दिवाळीपासून ती शाळेत गेलेली नाही.

श्रावणातच आमच्या ह्यांची साखर कारखान्यातली नोकरी कायम झाली. सगळे म्हणतात, जट पावली. ह्यांना विचारलं तर ‘आईला विचार’ एवढंच बोलतात. सासूबाई सांगतात, आमच्या गल्लीतल्या एका बाईने जट कापली आणि दोन महिन्यांत तिचा नवरा साप चावून गेला. ताई, मी देव मानते, यल्लम्मावर माझीही श्रद्धा आहे. पण पोरीचे हाल बघवत नाहीत. मी जट कापली आणि घरात कुणाला काही झालं, तर मी कुणाला तोंड दाखवू? माझी चुलत नणंद जोगतीण आहे. ती म्हणते माघी पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या देवळात नेऊ, पाळी यायच्या आत माळ घालू, म्हणजे देवी शांत होईल, लग्नाचं मग बघता येईल. मी काय करू?

— एक आई

उत्तर

ताई, तुमचं पत्र जवळजवळ सगळं जटेबद्दल आहे. माळेचा उल्लेख अगदी शेवटी, एका वाक्यात येतो. मी सुरुवात त्या वाक्यापासून करते, कारण जटेसाठी आपल्या हातात थोडे दिवस आहेत, माळेसाठी नाहीत.

पाळी यायच्या आत सौंदत्तीला नेऊन मुलीच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ घालणं म्हणजे तिला देवीला सोडणं. घरात कुणी तो शब्द उच्चारत नसेल. ‘देवी शांत होईल’, ‘लग्नाचं मग बघू’ अशा मऊ बोलण्यात तो गुंडाळलेला असतो. पण एकदा देवीशी लग्न लागलं की त्या मुलीशी दुसरं कुणी लग्न करत नाही, आणि जिला नवरा नाही, जमीन नाही, शिक्षण अर्धवट सुटलं आहे, तिच्या वाट्याला काय येतं हे तुमच्या भागातल्या थोरल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. गडहिंग्लज, निपाणी, मिरज या पट्ट्यातून किती मुली मुंबई-पुण्याच्या कुंटणखान्यांत पोचल्या, याच्या कहाण्या तिथल्याच बायकांनी सांगितलेल्या आहेत. तुमच्याच गडहिंग्लजला १९७५ साली देवदासींची परिषद भरली होती. डॉ. बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती भरवली होती. गळ्यात माळ असलेल्या बायका तेव्हा उघडपणे बोलल्या. आपल्या मुलींच्या गळ्यात ही माळ पडू नये, हे त्यांचंच मागणं होतं.

सौंदत्ती कर्नाटकात आहे. तिथे मुलगी देवाला सोडण्यावर १९८२ च्या कायद्यापासून बंदी आहे. महाराष्ट्रातही त्यासाठी २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन कायदा आहे. माळ घालणारा, घालायला लावणारा आणि त्या विधीत भाग घेणारा असे सगळे त्यात गुन्हेगार ठरतात. आईवडीलसुद्धा सुटत नाहीत. म्हणून या एका बाबतीत मी तुम्हाला सल्ला देत नाही, विनवणी करते: माघी पौर्णिमेला तुमची मुलगी सौंदत्तीला जाणार नाही. नुसतं दर्शन घेऊन येऊ म्हणाले तरी नाही. या वर्षी नाही.

तुमची नणंद वाईट बाई आहे असं मला म्हणायचं नाही. तिच्या गळ्यात माळ पडली तेव्हा तीही बहुधा लहान होती आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. जे आपल्या वाट्याला आलं ते देवीनेच दिलं, असं मानल्याशिवाय तिला जगता आलं नसतं. जमलं तर कधीतरी एकटीला गाठून विचारा, ‘वन्सं, तुम्हाला मुलगी असती तर तिला माळ घातली असती का?’ तिचं उत्तर काय येईल मला सांगता येणार नाही. पण या घरात हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसणार, एवढं मी पैजेवर सांगते.

आता जटेकडे येऊ.

तुम्ही स्वतःच सगळं लिहिलं आहे, फक्त त्याच्याकडे तसं पाहिलेलं नाही. ताप, अंथरूण, न धुतलेलं डोकं, न घातलेली वेणी. केसाच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारे बारीक खवले असतात. घाम, तेल, धूळ आणि उशीवरचं सततचं घासणं यांनी ते एकमेकांत अडकतात. ओली लोकर चोळत राहिलं की ती घट्ट बसते आणि मग सुटत नाही, तसंच हे होतं. त्या गुंत्यात हळदकुंकू पडलं, भंडारा पडला, तेलाचे थेंब पडले की तो आणखी चिकटतो. त्यात उवा झाल्या की खाजवलं जातं, खाजवून जखम होते, जखमेतून पाणी येतं आणि वाळून तेही केसांत बसतं. फणी आणि पाणी बंद केल्यावर एका जटेच्या तीन जटा होणं यात नवल काहीच नाही. बाळंतपणानंतर, मोठ्या आजारपणानंतर, दुःखाने अंथरूण धरलेल्या बाईला जट येते हे खेड्यापाड्यांत कितीतरी वेळा दिसतं. ज्या ज्या वेळी बाईच्या डोक्याकडे बघायला कुणाला सवड नसते, त्या त्या वेळी देवी येते असं दिसेल. मला त्याचा फार त्रास होतो, कारण त्या वेळी खरं तर कुणीतरी कोमट पाणी आणि फणी घेऊन तिच्यामागे बसायला हवं असतं.

जटेवरचा हा विश्वास फक्त आपला आहे असंही नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. तुमच्याकडच्या वृद्ध माणसांनी त्याबद्दल ऐकलं असेल. त्या पोलंडमध्ये शेकडो वर्षं लोक जटा राखत होते. तिथे यल्लम्मा नव्हती, भंडारा नव्हता. पण शरीरातला आजार जटेत उतरतो, जट कापली तर तो परत शरीरात शिरतो, माणूस आंधळा होतो, त्याला वेड लागतं, अशी भीती घराघरांत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला क्राकूव शहरातले एक डॉक्टर, युझेफ डिट्ल, या समजुतीविरुद्ध उभे राहिले. ही रोगाची खूण नाही, अस्वच्छतेची आहे, हे त्यांनी लोकांना आणि डॉक्टरांनाही पटवायचा प्रयत्न केला, कारण त्या काळातले कित्येक डॉक्टरसुद्धा जट कापायला घाबरत. पुढे ते त्याच शहराचे महापौर झाले. आज पोलंडमध्ये जट पाहायची तर तिथल्या वैद्यकीय संग्रहालयात जावं लागतं. दीड मीटर लांबीची एक जट तिथे जपून ठेवली आहे. तिथल्या लोकांनी जटा कापल्या आणि त्या देशावर कुणाचाही कोप झाला नाही.

तुमचा खरा प्रश्न मात्र केसांचा नाहीच. कापली आणि काही झालं, तर? याचं उत्तर मी टाळणार नाही. काही होणारच नाही असं खोटं आश्वासनही देणार नाही.

काहीतरी होईल. घरात सहा-सात माणसं आहेत, जनावरं आहेत, शेत आहे, कारखान्याची नोकरी आहे. येत्या वर्षभरात कुणी आजारी पडेल, एखादी म्हैस आटेल, कुणाचा पाय मोडेल, ऊस वाळेल. कुठल्याच घराचं वर्ष याशिवाय जात नाही. जट ठेवली तरी हे होईल, कापली तरी होईल. फरक एवढाच की कापल्यावर झालं तर त्याचा दोष तुमच्या माथी येईल. गल्लीतल्या त्या बाईचा नवरा साप चावून गेला. पावसाळ्यात शेतात, गोठ्यात, अंधारात माणसं काम करतात, पायात धड बूट नसतात, साप चावल्यावर विषावरचं इंजेक्शन वेळेवर मिळत नाही, म्हणून दरवर्षी माणसं जातात. त्यातल्या किती घरांत जट कापली होती? ज्यांनी कापली आणि ज्यांच्याकडे काहीही झालं नाही, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी आजवर दोनशेहून अधिक बायकांच्या जटा सोडवल्या आहेत. त्या बायका घरी आहेत, कामावर जातात, पहिल्यांदा मान मोकळी करून झोपतात.

आणि नोकरी? ती श्रावणात कायम झाली हे खरं. पण तुमच्या नवऱ्याबरोबर त्या यादीत आणखी कामगार असतील ना? त्यांच्या घरच्या कुणाकुणाला जट आली, एवढं एकदा विचारून पाहा.

यातला सगळ्यात जड भाग तुमच्या पत्रात आलेलाच नाही. तुमची मुलगी हे सगळं ऐकते आहे. बापाची नोकरी आपल्या डोक्यामुळे टिकली आहे, घरातली माणसं आपल्या केसांमुळे जिवंत आहेत, असं बारा वर्षांच्या पोरीला महिनोन् महिने सांगितलं जातंय. खाज सुटली तर खाजवताना तिला भीती वाटत असेल. एखाद्या रात्री ‘ही जट नको’ असा विचार तिच्या मनात आला असेल आणि त्या विचारानेच ती रडली असेल. म्हणून कात्री हातात घेण्याआधी तिच्याशी बोला. बाबांची नोकरी बाबांच्या कामाची आहे. आजी म्हातारी आहे, ती आजारी पडेल, तेव्हाही ते तुझ्यामुळे झालेलं नसेल. हे तिला आधी सांगा आणि नंतरही पुन्हा पुन्हा सांगा. रात्री झोपेत जट कापायचा विचार मनात असेल तर तो सोडा. घाबरलेल्या मुलीची जट तिच्या नकळत कापली तर पुढे होणारी प्रत्येक वाईट गोष्ट ती स्वतःवर घेईल. तिने स्वतः ‘काढ’ म्हटलं पाहिजे. ती म्हणेल. तिच्याकडे वास येतो म्हणून न बसणाऱ्या मैत्रिणी आहेत आणि अर्धवट सुटलेली सातवी आहे. तिला शाळेत जायचंच आहे.

आता थोडं धर्माबद्दल. तुम्ही ‘मी देव मानते’ असं जरा भीत भीत लिहिलं आहे, जणू मी त्यावरून रागावेन. मी रागावत नाही. देव मानावा की नाही हा तुमचा प्रश्न आहे आणि मुलीचं डोकं धुवायला त्याचं उत्तर आधी मिळायची गरज नाही. पण एक गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे. अशा प्रथा समोर आल्या की शिकलेली माणसं चटकन म्हणतात, ‘हा खरा धर्म नव्हे, ही अंधश्रद्धा.’ मला हे पटत नाही. जट देवळाच्या आवारात पूजली जाते, यात्रेत मिरवली जाते, तिच्यावर भंडारा पडतो तो देवीच्याच नावाने. धर्माच्या नावाने भीती वाटायचा हा व्यवहार फक्त खेड्यातल्या गरिबांचा नाही. मोटारीतून त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करणारा पुण्यातला इंजिनिअर आणि तुमच्या सासूबाई यांच्या मनातली भीती एकाच जातीची आहे: विधी चुकला तर घरावर येईल. फरक इतकाच की तो इंजिनिअर आपली भीती पैशाने फेडतो. गरिबाघरी ती मुलीच्या अंगाने फेडावी लागते. देवीला सोडलेल्या मुली कुठल्या घरांतून येतात ते पाहा: बहुतेक दलित, भूमिहीन, कर्जात बुडालेली घरं. वाड्यातल्या, बंगल्यातल्या मुलीला देवी अशी बोलावत नाही. देवीच्या इच्छेला जात आणि सातबारा कळतो, हे पाहिल्यावर ती इच्छा नेमकी कुणाची, हा प्रश्न मला पडतो. तुम्हालाही पडू द्या.

आणि सासूबाई भजनाला जात असतील तर त्यांना तुकोबांची आठवण करून द्या. डोईवर केस वाढवून, अंगात आणून, शकुन सांगत फिरणाऱ्यांना संत म्हणू नका, त्यांच्याजवळ गोविंद नाही, असं तुकोबांनी सुमारे चारशे वर्षांपूर्वी अभंगात म्हणून ठेवलं आहे. त्यांच्यापेक्षा अधिक देव मानणारा माणूस आपल्याला कुठे सापडणार?

सासूबाईंना मात्र शत्रू समजू नका. नात टायफॉइडमधून उठली. त्यांच्या मनात ती देवीने परत दिली आहे आणि जट ही त्याची पावती आहे. शिवाय घरात जट आल्यापासून मंगळवारी-शुक्रवारी बायका येत असतील, पाया पडत असतील, सासूबाईंना मान मिळत असेल. ज्या बाईला आयुष्यभर कुणी काही विचारलं नाही, तिच्या घरी देवी आली की गाव तिला विचारू लागतो. देवीच्या नावाने बोललं तरच बाईचं ऐकायचं, ही गावाने लावलेली सवय आहे, आणि सासूबाई त्याच सवयीत म्हाताऱ्या झाल्या. त्यांना हे सोडायला सांगताना त्यांच्याकडून काय काढून घेतो आहोत, याची आपल्याला जाणीव हवी. पण त्या मानाची किंमत नातीने मोजायची, हे चालणार नाही.

प्रत्यक्षात काय करायचं, ते सांगते.

पहिलं बोलणं नवऱ्याशी. ‘आईला विचार’ हे उत्तर त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी दिलं आहे. एकदा त्यांना मुलीच्या मागे बसवा आणि जटेखालची त्वचा बोटांनी बाजूला करून दाखवा. बहुधा त्यांनी ती आजवर पाहिलेलीच नाही. मग तिघं मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. खाज आणि वास आहे म्हणजे उवा आणि कातडीचा संसर्ग असण्याची शक्यता फार मोठी आहे. जुन्या जटांखाली जखमा चिघळून अळ्या पडल्याचीही उदाहरणं आहेत, म्हणून हे आठवड्यावर ढकलू नका. डॉक्टरांनी सासूबाईंशी दोन शब्द बोलावेत अशी विनंती आधीच करून ठेवा. ‘सुनेने कापली’ आणि ‘डॉक्टरांनी काढायला सांगितली’ यांत तुमच्या घरात फार फरक पडेल. गावातल्या आरोग्य खात्याच्या ‘आशा’ कार्यकर्त्या ओळखीच्या असतील तर त्यांनाही बरोबर घ्या.

जट काही महिन्यांचीच आहे, त्यामुळे सगळे केस जातील असं समजू नका. श्रावणानंतर मुळापाशी आलेले केस मोकळे असतील. कातडीला जखम नसेल तर खोबरेल तेलात रात्रभर भिजवून, खालच्या टोकापासून, बोटांनी आणि जाड दातांच्या फणीने थोडा थोडा गुंता सुटतो. त्याला तास लागतात, मुलगी कंटाळते, म्हणून एका बैठकीत सोडवायचा हट्ट करू नका. जिथे लोकरीसारखा गठ्ठा झाला आहे तिथे कापणंच बरं. बाकीचे केस खांद्यापर्यंत ठेवून ती जागा झाकता येते. नंतर उवांचं औषध डॉक्टर सांगतील तसंच लावा. घरातल्या सगळ्यांनी एकदमच लावायचं, नाहीतर उवा परत येतात आणि गाव म्हणतं, देवी परत आली.

हे स्वतः करायचा धीर होत नसेल तर अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कोल्हापूर किंवा गडहिंग्लज भागातल्या कार्यकर्त्यांशी बोला. घरी येतात, पैसे घेत नाहीत, आधी घरातल्या सगळ्यांशी बोलतात, मगच कात्री काढतात. दाभोलकरांनी १९८९ साली ही समिती उभी केली आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यांनी ज्यासाठी वर्षानुवर्षं झुंज दिली तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. तो तुमच्या उपयोगाचा आहे. आपल्या अंगात दैवी शक्ती आहे असं भासवून, ‘माझं ऐकलं नाही तर वाईट होईल’ अशी भीती घालणं हा त्यात गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. एखादा देवऋषी किंवा जोगती घरी येऊन अशी धमकी देऊ लागला तर त्याच्यासमोर एवढंच म्हणा, ‘हे पोलीस ठाण्यात लिहून देता का?’

‘आमच्या धर्मात ढवळाढवळ करू नका’ असं कुणी म्हटलं तर त्यांना सांगा की घटनेच्या पंचविसाव्या कलमाने धर्मस्वातंत्र्य दिलं आहे, पण तिथेच आरोग्याची अट घातली आहे. बारा वर्षांच्या मुलीचं डोकं धुऊ न देणं हे कुणाचंच धर्मस्वातंत्र्य नाही.

जट काढल्यावर ती कुठे टाकायची, यावरून घरात भांडण होईल. सासूबाई म्हणतील, नदीत सोडते, देवीला वाहते. चळवळीतले माझे मित्र म्हणतील की ही तडजोड आहे, जट जाळून टाका. मी म्हणेन, सासूबाईंना करू द्या. त्यांच्या मनातलं देवीचं देणं त्यांनी स्वतःच्या हाताने फेडावं. अट दोनच: मुलगी त्या विधीला बसणार नाही आणि कुणाला दक्षिणा, परडी, कोंबडं, साडी दिली जाणार नाही. जमलं तर त्यांनाच पहिल्यांदा तिच्या डोक्यावरून पाणी घालायला सांगा. मोठ्या आजारातून उठलेल्या नातीला आजीने न्हाऊ घालणं, हेही आपल्याच रीतीतलं आहे.

हे सगळं समजुतीने होईल अशी मला आशा आहे. न झालं तर काय, तेही माहीत हवं. माघी पौर्णिमा जवळ आली, घरात सौंदत्तीची तयारी दिसू लागली, मुलीसाठी हिरवी साडी, मणी आणले गेले, आणि तुमचं कुणी ऐकेना, तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. तो रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपर्यंत ते पोचवतात. शाळेतल्या बाईंना आजच विश्वासात घ्या. मुलगी इतके दिवस शाळेत नाही, याची दखल शाळेने घ्यायलाच हवी आणि त्या घरी आल्या तर सासूबाईंपुढे तुम्ही एकट्या पडणार नाही. सासरच्या माणसांविरुद्ध फोन करणं किती कठीण आहे याची मला कल्पना आहे. तुम्हाला त्याच घरात राहायचं आहे. तरीही करा. १९८२ चा कायदा असताना कर्नाटक सरकारने १९९३-९४ मध्ये पाहणी केली तेव्हा बावीस हजार आठशे त्र्याहत्तर देवदासी आढळल्या. कायदा कागदावर होता, पण बहुतेक घरांतून तेव्हा कुणी आवाज केला नाही.

शाळेत परत पाठवताना पहिल्या दिवशी तुम्ही सोबत जा. बाईंना सांगून तिची बसायची जागा बदला, जुन्या बाकावर तिला परत बसवू नका. मुली विचारतील, ‘जट कुठे गेली?’ तिला एक साधं उत्तर शिकवून ठेवा: ‘ताप आला होता, केस गुंतले होते, आईने काढले.’ सातवीचा बुडलेला अभ्यास वार्षिक परीक्षेपर्यंत भरून निघेल, त्यासाठी बाईंकडून आत्ताच वह्या मागून घ्या. आणि तिची पाळी सुरू झाली की त्या दिवशी तिला जवळ बसवून नीट समजावून सांगा, म्हणजे त्या बाबतीत ती आधी दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.